सहस्रकुंडाचा उन्हाळा

॥ श्री ॥

नांदेड,
चैत्र शुद्ध दशमी, शके १८६८

तीर्थस्वरूप सौ. विनीताताईस,
धाकट्या प्रमोदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

तुझे पत्र पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी मिळाले. उत्तरास विलंब झाला याचे कारण आळस नव्हे. अलीकडे माझे चित्त एका जागी ठरत नाही. पुस्तक उघडावे तर पान उलटत नाही, आणि मिटावे तर हात रिकामे वाटतात. दुपारी मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची शिटी झाली, की मी उगाचच उठून दारापर्यंत जाते आणि परत येते. आई विचारते, की दारात काय आहे. दारात काही नसते.

आधी आनंदाची वार्ता सांगते. वाचनालयाच्या निबंधस्पर्धेत माझ्या निबंधास पहिले पारितोषिक मिळाले. सभा भरवायची तर कोतवालीची परवानगी लागते आणि विषय आधी कळवावा लागतो, हे तुला ठाऊक आहेच. चिटणीसांनी धाडलेले दोन विषय नामंजूर होऊन परत आले. मंजूर झाला तो ‘आपल्या देशातील प्रेक्षणीय स्थळे’. दादा म्हणाले, की डोंगर, धबधबे आणि देवळे यांच्यापासून राज्यास भय नाही असे कोतवालीच्या अमीनसाहेबांना वाटले असावे. निबंध मी लिहिला. वाचला मात्र चिटणीसांनी. मी बायकांच्या बाजूस पडद्याआड बसले होते. माझे नाव पुकारल्यावर आईने मागून दोनदा ढोसले, तरी माझ्याने उठवले नाही. अखेर बक्षिसाचे पुस्तक आईनेच जाऊन आणले आणि टाळ्याही तिलाच मिळाल्या.

तेव्हापासून एक विचित्र गोष्ट घडते आहे. लोक प्रवासाविषयी मला विचारावयास येतात. शेजारच्या पार्वतम्मा रामेश्वरास निघाल्या आहेत. त्यांनी मला समोर बसवून विचारले, की तिकडे ज्वारी मिळते का, आणि समुद्राच्या पाण्याने अंगाला खाज सुटते का. मी जे वाचले होते ते सांगितले. त्या समाधानाने गेल्या. माझे समाधान मात्र त्यांच्याबरोबरच निघून गेले. ताई, काशीच्या घाटांवर मी पानभर लिहिले आहे, आणि माझा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे तुझी पाठराखीण म्हणून मी लातूरला आले तो. त्यातही मोटार लागली म्हणून नांदेडपासून चाकूरपर्यंत मी डोळे मिटून होते.

आता ज्या गोष्टीसाठी पत्र लिहीत आहे ती. कंधारच्या एका घरातून माझ्यासाठी विचारणा आली आहे. घर मोठे आहे, माणसे भली आहेत असे सर्व म्हणतात. त्यांच्या मध्यस्थांनी दादांना घराचा मोठेपणा सांगताना मुद्दाम सांगितले, की आड घरातच आहे, सुनांना पाण्यासाठीसुद्धा उंबरा ओलांडावा लागत नाही. आईला ते फार आवडले. मला त्या रात्री जेवण गेले नाही. पुण्याच्या महिला विद्यापीठाची परीक्षा घरी अभ्यास करून देता येते, केवळ परीक्षेपुरते जावे लागते, असे मी दादांना एकदा कसेबसे सांगितले होते. ते नाही म्हणाले नाहीत. पण कंधारच्या घरी ते विचारता यायचे नाही, असे म्हणाले. वैशाखात त्यांना उत्तर द्यावयाचे आहे.

मी काय करावे, ते तू सांग. निबंधाची प्रत सोबत धाडली आहे. भाऊजींस नमस्कार. तुझी माया आहेच. ती माझ्या वाट्यास अशीच राहू द्यावी, ही विनंती.

तुझी,
प्रमोदिनी

—

॥ श्री ॥

लातूर,
चैत्र वद्य प्रतिपदा

चि. प्रमोदिनीस,
विनीताताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आणि निबंध पोचला. पत्र मी एकदा वाचले आणि निबंध चारचौघांत वाचून दाखवला, म्हणून रागावू नकोस. तू पडद्याआड बसतेस म्हणून तुझ्या अक्षरांनीही बसावे की काय? जेवणानंतर सुपारी कातरत कातरत वाचला. ताजमहालाचे चांदणे आले तेव्हा यांचा अडकित्ता थांबला. ते म्हणाले, की मेहुणीने कोर्टात यावे, न पाहिलेल्याची अशी साक्ष देणारा माणूस मिळणे कठीण आहे.

आता नीट ऐक. त्या दिवशी ओसरीवर आणखी एक जण होते. यांच्या दूरच्या आत्याचे चिरंजीव, शरदचंद्र. आपल्या छोट्या रुळांच्या गाडीवर, कुर्डुवाडीच्या वाटेवरच्या एका स्टेशनात ते असिस्टंट मास्तर आहेत. त्या स्टेशनात गाडी थांबते ती उतारूंसाठी कमी आणि इंजिनाला पाणी पाजण्यासाठी जास्त. रेल्वेच्या नोकरांना प्रवासाचा पास मिळतो, तसा त्यांनाही मिळतो. पण बदली माणूस मिळत नाही, म्हणून तो पास दरवर्षी तसाच फुकट जातो. लोकांना गाडीत बसवून देण्यात त्यांची उमेद चालली आहे. स्टेशनच्या भिंतीवर लढाईच्या दिवसांतला ‘विनाकारण प्रवास करू नका’ हा फलक अजून आहे, आणि तो केवळ आपणच पाळला, असे ते म्हणत होते.

तर अशा माणसाने तुझा निबंध ऐकला. मग मागून घेतला. खांबाला टेकून उभ्याने पुन्हा वाचला. मग मला विचारले, की लिहिणाऱ्या बाई फार हिंडलेल्या दिसतात. मी म्हटले, की हो, लहानपणापासून तिचा पाय घरात ठरत नाही. हे खोटे नव्हे. माजघरातून पडवीत आणि पडवीतून माजघरात तू किती हिंडतेस ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मातुःश्री चंद्रप्रभाबाई स्वतः आल्या. बाई जिभेने तिखट, पण आत-बाहेर एकच. मुलगी पाहण्याचे त्यांनीच काढले. मुलाला वैशाखाच्या आरंभी चार दिवस रजा मिळाली आहे. त्याचे म्हणणे असे, की निबंधातले निदान एक तरी स्थळ पाहावे, आणि मग निबंध लिहिणारीस पाहावे. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, की एका मोटारीच्या धक्क्यात दोन्ही होत असेल तर त्यांची ना नाही. हे बरोबर येतील. बाळाला गोवर आहे, म्हणून मला निघता येत नाही.

पुण्याच्या परीक्षेचे मी त्यांच्या कानावर घातलेले नाही. ते तू, किंवा तुझ्या नशिबाने घालावे. इतके खरे, की त्यांच्या घरात आड नाही. पाणी स्टेशनच्या नळावरून आणावे लागते, आणि तेथून दोन्ही दिशांचे रूळ दिसतात.

तर आता उलट टपाली कळव, की नांदेडहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे तुझ्या निबंधातले कोणते स्थळ आहे. वाट, गाडी, बरोबर काय घ्यावे, सगळे लिही. आईला आताच सांगू नकोस, दादांना मी वेगळे लिहिते.

मन घट्ट कर. माझी आठवण जशी दुःखात येते तशी सुखातही येऊ द्यावी.

तुझी,
ताई

—

॥ श्री ॥

नांदेड,
चैत्र वद्य षष्ठी

तीर्थस्वरूप सौ. विनीताताईस,
प्रमोदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

बाळाचा गोवर उतरला का, ते आधी कळव. तुझे पत्र वाचून मी माडीवर गेले, तेथे काही काम नव्हते म्हणून खाली आले, आणि आईने विचारल्यावर डाळ निवडावयास बसले. त्या डाळीत खडे राहिले. यावरून माझी अवस्था तुला कळेल.

स्थळाविषयी मात्र मनात किंचितही संदेह नाही. सहस्रकुंडास जावे. नांदेडहून मुदखेडला उतरून किनवटच्या शाखेवरील गाडी धरावी. इस्लापूरच्या अलीकडे-पलीकडे उतरून थोडे चालले, की पैनगंगेचा प्रपात आहे. निबंधात लिहिल्याप्रमाणे, तेथे नदी सहस्र मुखांनी गर्जत काळ्या कातळावरून उडी घेते, तिच्या तुषारांनी तीरावरील वृक्ष बारा महिने न्हाऊन निघतात, आणि सूर्य माथ्यावर आला म्हणजे प्रत्येक धारेत इंद्रधनुष्य उमटते. म्हणून दुपारी पोहोचणे उत्तम.

बरोबर काय घ्यावे, तेही लिहिते. तुषारांनी वस्त्रे भिजतात, तरी प्रत्येकाने कोरड्या कपड्यांचा एक जोड जवळ ठेवावा. छत्र्या घ्याव्यात. खडक शेवाळलेले असतात, तेव्हा वडील माणसांनी काठी घ्यावी. पाण्याच्या घोषात एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून महत्त्वाचे बोलणे गाडीतच उरकून घ्यावे. पिण्याचे पाणी नेण्याची गरज नाही.

हे सर्व चंद्रप्रभाबाईंस वाचून दाखव. माझ्याविषयी त्यांचे मत काही होवो, त्या स्थळाविषयी निराशा होणार नाही, एवढे मी खात्रीने सांगते.

तुझ्या लोभाचा आधार आहे, म्हणून इतके धाडस होते. तो काढून घेऊ नये.

तुझी,
प्रमोदिनी

—

॥ श्री ॥

नांदेड,
वैशाख शुद्ध षष्ठी

तीर्थस्वरूप सौ. विनीताताईस,
प्रमोदिनीचा नमस्कार.

भाऊजी उद्या तेथे पोहोचतील आणि सर्व सांगतील. तरी माझ्याही तोंडून कळावे, म्हणून हे लिहिते.

सहस्रकुंडास पाणी नव्हते.

एवढेच वाक्य लिहून पत्र बंद करावे असे वाटते. पण पुढचेही सांगावयास हवे. ती मंडळी सायंकाळी परत आली तेव्हा चंद्रप्रभाबाईंचे पाय खडकाने भाजले होते. आईने गार पाण्याचे घंगाळ दिले. त्यात पाय सोडून, डोक्यावर ओले फडके ठेवून त्या बसल्या, आणि मला त्याच स्थितीत पाहावयाचे म्हणाल्या. पुन्हा यायला त्यांना ताकद नव्हती. कोपऱ्यात कोरड्या कपड्यांची गाठोडी होती. जशी बांधून नेली तशीच आणली होती. आईने ती पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि पन्हे करावयास आत गेली.

त्यांनी मला स्वयंपाक विचारला नाही, विणकाम विचारले नाही. एवढेच विचारले, की हा धबधबा मी स्वतः कधी पाहिला होता. ताई, मी नाही म्हणाले. त्यांनी विचारले, की मग काशी? मी नाही म्हणाले. ताजमहाल? तेव्हा मी नुसती मान हलवली. त्या म्हणाल्या, की विनीता तर सांगत होती पोरीचा पाय घरात ठरत नाही. मग चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, की त्यांनी आयुष्यात पुष्कळ खोटी माणसे पाहिली, पण घरी बसून दुसऱ्याचे पाय भाजणारे माणूस पहिल्यांदा पाहिले.

शरदचंद्र दाराजवळ बसले होते. त्यांनी फक्त एक प्रश्न केला: मी ज्या पुस्तकावरून लिहिले त्यात लेखक कोणत्या महिन्यात तेथे गेला होता, ते दिले होते का. दिले नव्हते. मी मान हलवली. ते ‘बरं’ म्हणाले. ते ‘बरं’ कोणत्या अर्थाचे, हे मी आजवर वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात नाही.

ती मंडळी गेल्यावर आई बोलली. ती म्हणाली, की रोज सकाळी घागर घेऊन मी घाटावर जाते, गोदागंगेच्या पात्रातून बैलगाड्या पलीकडे जाताना पाहते, आणि पाणी भरावयास वाळूत किती आत जावे लागते याची तक्रारही करते. आपल्या गंगेला चैत्रात पाणी नाही, तर पैनगंगेला कोठून येईल, एवढे तरी मला सुचावयास हवे होते. तिचे अक्षर न् अक्षर खरे आहे. मी त्याच गंगेचे पाणी काखेत घेऊन घरी आले आणि त्याच हाताने लिहिले, की वृक्ष बारा महिने न्हाऊन निघतात.

दादा कंधारला होकार कळवणार आहेत. तुमच्याकडून नकार आला म्हणजे लगेच. तू त्या मंडळींकडे माझी रदबदली करू नकोस.

एक मात्र केले. काल रात्री जेवताना मी दादांना म्हणाले, की मला सहस्रकुंड दाखवा. त्यांनी घास तसाच धरून विचारले, की आता तेथे पाहावयाचे काय उरले आहे. मी म्हणाले, की तेच पाहावयाचे आहे. माझा आवाज मोठा निघाला असावा, कारण आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आज मागण्यासारखे काही नाही. रागावली असलीस तरी लिही.

तुझी,
प्रमोदिनी

—

॥ श्री ॥

लातूर,
वैशाख शुद्ध दशमी

चि. प्रमोदिनीस,
वसंतरावांचे आशीर्वाद. विशेष हे, की तुझ्या ताईने पत्र लिहावयास घेतले होते, पण ती रडू लागल्याने मुकदमा या वकिलाकडे वर्ग झाला आहे.

मौक्यावर मी हजर होतो, म्हणून पंचनामा माझ्याकडून घे. आम्ही भर दुपारी पोहोचलो, कारण इंद्रधनुष्याची वेळ तीच होती. छत्र्या उघडल्या. काठ्या घेतल्या. शेवाळ कोठे लागते म्हणून आत्याबाई जपून पाऊल टाकत होत्या. समोर काळा कातळ, आणि मध्ये एका घळीतून करंगळीएवढी धार. मी म्हटले, की हा उतार असेल, मुख्य धबधबा पुढे असेल. पुढे गेलो. पुढे टरबुजांची वाडी होती.

वाडीवर गुणाबाई नावाची बाई राखण करीत होती. तिने आमच्या उघड्या छत्र्या आणि बगलेतली गाठोडी पाहून विचारले, की मंडळी कुणाच्या दहाव्याला आली हाय का. आत्याबाईंनी सांगितले, की पाणी पाहायला आलो. ती म्हणाली, पाणी न्हाई बाई, टरबूज हाय. पाणी पाहाया सावनात यावं, तवा मी सुदिक इथं थांबत न्हाई. ते टरबूज मात्र अव्वल होते. पिण्याचे पाणी नेऊ नये असा तुझा हुकूम असल्यामुळे आम्ही तीन संपवली.

पायताण काढून काठावरच्या देवळाकडे गेल्यामुळे आत्याबाईंचे पाय भाजले. त्या सावलीत बसून तुझ्या निबंधावर बोलत होत्या. ते येथे लिहीत नाही. इतक्यात शरद काठाने वरच्या अंगाला गेला, बराच वेळ उन्हात उभा राहिला, आणि आईला हाक मारून तिकडे नेले. तो हात वर करून काही दाखवत होता. आत्याबाईही मान वर करून पाहत होत्या. मी टरबुजात गुंतल्यामुळे ती गवाही माझ्या कानांवर आली नाही. परतल्यावर विचारले, तर शरद म्हणतो, की ते लिहिणारीला सांगेन, वकिलाला नाही.

मात्र एक बदल मी टिपला आहे. येथे आल्यापासून आत्याबाई पाण्याविषयी बोलत नाहीत. त्यांची हरकत आता एकाच मुद्द्यावर उरली आहे: मुलीने न पाहता लिहिले. तो आरोप तू स्वतःच कबूल केलास. वकील जवळ असता, तर करू दिला नसता. आणि तरीही, का कोण जाणे, तुझे ते ‘नाही’ आत्याबाईंनी मला दोनदा सांगितले. रागाने सांगितले असे म्हणवत नाही. तुझ्या ताईने दिलेली ‘पाय ठरत नाही’ ही खोटी गवाही मात्र त्या विसरलेल्या नाहीत.

फैसला अद्याप राखून ठेवलेला आहे. नकार कळवलेला नाही. श्वशुरांना, म्हणजे तुमच्या दादांना, सांग, की कंधारच्या बाबतीत घाई करू नये. तारीख पडली आहे, एवढेच.

मेहुणीवरचा आमचा विश्वास पूर्वीइतकाच आहे. तूही आमच्यावरचा कमी करू नये.

तुझा,
वसंतराव

—

॥ श्री ॥

इस्लापूर स्टेशन,
वैशाख वद्य द्वितीया

तीर्थस्वरूप सौ. विनीताताईस,
प्रमोदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

परतीच्या गाडीस अवकाश आहे. दादा बाकावर टोपीने वारा घेत बसले आहेत. मी त्यांच्याकडून कागद मागून घेतला. घरी गेल्यावर लिहिले तर वाक्ये नीट होतील, आणि मला ती आज नीट व्हावयास नको आहेत.

दादांनी मला बायकांच्या डब्यात बसवले आणि स्वतः शेजारच्या डब्यात गेले. इतक्या अनोळखी माणसांत मी प्रथमच एकटी होते. पण यावेळी डोळे मिटले नाहीत. मुदखेडच्या पुढे रान लागले. पळस झडून गेले होते, सागाला पान नव्हते, आणि त्या उघड्या झाडांमधून टेकड्या सरळ दिसत होत्या. एका बाईने मला विचारले, की मी कुठे निघाले. मी सांगितले, सहस्रकुंड पाहायला. ती हसली. मीही हसले, आणि मग आम्ही तिच्या फडक्यातले हरभरे खाल्ले.

भाऊजींचा पंचनामा बरोबर आहे. कातळ काळा आहे, आणि त्यावर पाऊल ठेवता येत नाही. मी पायताण घालूनच गेले. शेवटचे थोडे अंतर मात्र घसरू नये म्हणून काढले. चंद्रप्रभाबाईंचे पाय किती भाजले असतील ते मला तेव्हा कळले. घंगाळाशेजारी बसून ते कळले नव्हते.

ताई, त्या कातळात कुंडे आहेत. खरीच. मी इतके दिवस ते केवळ नाव समजत होते. लहान वाटीएवढी आहेत, रांजणाएवढी आहेत, एकात एक शिरलेली आहेत, आणि जिकडे पाहावे तिकडे आहेत. एका कुंडात मी खांद्यापर्यंत हात घातला. बाहेरचा दगड हात लावू देत नाही, आणि आतला गार होता, उखळासारखा गुळगुळीत. तळाशी एक गोटा हाताला लागला. मी तो बाहेर काढला. तो अगदी वाटोळा होता. दादांनी सांगितले, की पूर आला म्हणजे पाणी असा गोटा खळग्यात धरून गरगर फिरवते आणि त्याने कातळ कोरला जातो. तो गोटा कोठेही गेलेला नव्हता. जागच्या जागी फिरत राहिला होता. मी तो परत ठेवला.

पाणी असते तर यातले काहीच दिसले नसते. मी ज्यांचे पुस्तक वाचले त्या गृहस्थांनी पाणी पाहिले. कुंडे त्यांना दिसलीच नसतील. त्यांनी खोटे लिहिले नाही. मी मात्र त्यांच्या पाण्यात पुस्तकातले आणखी पाणी घातले. निबंधातला तो परिच्छेद मी घरी जाऊन काढून टाकणार आहे. काशीचे आणि रामेश्वरचे परिच्छेदही आता माझ्याकडे डोळे वटारून पाहतात. त्यांना मी म्हटले आहे, थांबा.

आता एक काम कर. शरदचंद्रांना विचार, की त्यांनी वरच्या अंगास उभे राहून काय पाहिले. माझे त्यांना आधी सांगू नकोस. आणि पुण्याच्या परीक्षेचेही विचार. नकार यावयाचा असेल तर सगळ्यासह येऊ दे, अर्धवट लपवून होकार नको. आताच दादा म्हणाले, की लातूरचे पत्र येईपर्यंत कंधारचे पत्र ते टाकणार नाहीत. मी विचारले नव्हते. ते टोपी हलवता हलवता आपणहून म्हणाले.

सिग्नल पडला. माझे तळपाय चुरचुरत आहेत आणि मला त्याचे काही वाटत नाही. लोभ आहेच, तो उन्हाळ्यातही आटू देऊ नये.

तुझी,
प्रमोदिनी

—

॥ श्री ॥

लातूर,
वैशाख वद्य नवमी

चि. प्रमोदिनीस,
विनीताताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आले त्याच दिवशी यांना छोट्या गाडीने शरदचंद्रांच्या स्टेशनावर धाडले. इंजिन पाणी पिते तेवढ्या वेळात उत्तर घेऊन यावे असे ठरले होते. हे गाडी चुकवून दुसऱ्या दिवशी परतले. इतका वेळ बोलणे झाले.

शरदचंद्रांनी कुंडे पाहिली नाहीत. त्यांचे लक्ष तिकडे गेलेच नाही. त्यांनी पाहिले ते असे, की काठावर बरेच वर एक उंबराचे झाड आहे, आणि त्याच्या शेंड्याकडच्या फांद्यांत गवत, काटक्या आणि एक फाटके टोपले अडकलेले आहे. ते पक्ष्याचे घरटे नव्हे. पुराच्या पाण्याने आणून ठेवलेले आहे. त्यांनी आईला तेथे नेऊन हात वर करून दाखवले, की पाणी येथवर येते. मुलीने पाणी मनाने रचलेले नाही, आपण चुकीच्या महिन्यात आलो. आत्याबाई म्हणाल्या, की हे तिने सांगायला हवे होते, तू का सांगतोस?

मग येथेच मुक्कामाला असलेल्या आत्याबाईंना मी तुझे पत्र वाचून दाखवले. दाखवू नकोस असे तू फक्त मुलाविषयी लिहिले होतेस. कातळापर्यंत त्यांनी ऐकले. मग मला थांबवून विचारले, की तिचे पाय भाजले का. मी म्हटले, भाजले. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे. पुढचे पत्र त्यांनी पानाला चुना लावता लावता ऐकले, आणि शेवटी म्हणाल्या, की एक खाली बघणारी आणि एक वर बघणारा, आता समोर बघायला यांच्या घरात मलाच राहावे लागणार. मला त्यांनी पुढच्या भेटीत तुझ्याविषयी काहीही न सांगण्याची ताकीद दिली आहे. जे सांगायचे ते तू सांगशील, असे त्या म्हणतात.

परीक्षेचे सांगते. शरदचंद्र म्हणतात, की त्यांच्या स्टेशनातून पुण्यास जाताना कुर्डुवाडीला एकदाच गाडी बदलावी लागते, आणि बदली माणूस मिळाला नाही तरी पासावर घरच्या बाईमाणसाला त्यांच्या आईसोबत जाता येते. आत्याबाईंनाही पुणे पाहायचे आहे. आपल्या तोंडाने म्हणाल्या नाहीत, पण तेथे थंडी कधी पडते ते मला विचारले.

एक अट त्यांची आहे. लग्नानंतर पहिला प्रवास देवीचा, माहूरला. काशी नाही, ताजमहाल नाही. किनवटपर्यंत आगगाडी, आणि पुढे छकडा. त्या छकड्याला कोणाचाही पास चालत नाही. किनवटची आगगाडी इस्लापूरवरून जाते हे मी मुद्दाम लिहीत नाही. तुला ठाऊक आहेच.

आता होकार तुझ्याकडून हवा. दादांचा नको, तुझा. तुझ्या अक्षरात. ताईवरचा राग विसरून लवकर लिहावे.

तुझी,
ताई

—

॥ श्री ॥

नांदेड,
वैशाख वद्य त्रयोदशी

तीर्थस्वरूप सौ. विनीताताईस,
प्रमोदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

दादांनी कंधारला आज पत्र टाकले. नकाराचे, पण अत्यंत विनयाचे पत्र आहे. मसुदा मी केला, आणि त्यात न पाहिलेले काही लिहिले नाही.

ते उंबराचे झाड मी त्या दिवशी पाहिले नाही. मी झाडाखालूनच गेले असणार, पण सारा वेळ खाली पाहत होते. फाटके टोपले माझ्या डोक्यावर होते आणि मला ते कळले नाही. तेव्हा पुन्हा जावे लागेल. आणि त्यांनाही जावे लागेल, कारण कुंडांत कोणी तरी हात घालून दाखवल्याशिवाय ती समजणार नाहीत. पण श्रावणात कुंडे पाण्याखाली असतील आणि उन्हाळ्यात पाणी नसेल, म्हणजे एका खेपेत दोन्ही होणार नाही. निदान दोन खेपा लागतील. एवढे उत्तर पुरे असावे.

चंद्रप्रभाबाईंस माझा नमस्कार सांग. माहूरला जाताना श्रावण असेल. या खेपेस त्यांच्या कोरड्या कपड्यांचा जोड मी स्वतः बांधीन, आणि पिण्याचे पाणीही बरोबर घेईन.

तुझ्या लोभाची वाट पाहत,
प्रमोदिनी